कड्यासकट उंची

चिकटवायची अक्षरं लहान निघाली. तोरुनने त्यांची पट्टी बोटीच्या पाठीवर धरून पाहिली, तर नव्या नावाच्या वर आणि खाली जुनं नाव खुशाल डोकावत होतं.

जुनं नाव गुडवैग. तोरुनच्या थोरल्या बहिणीचं. बहिणीच्या नवऱ्याने, आयविनने, ती अक्षरं गेल्याच आठवड्यात खरवडून काढली होती. पण इतक्या उन्हाळ्यांत बोटीचा निळा रंग सगळीकडे विटला होता आणि अक्षरांखाली तेवढा गडद राहिला होता, त्यामुळे खरवडूनही नाव आपलं जागच्या जागी. रंग द्यायला साहेबांना सवड नव्हती. शनिवारी बोट पाण्यात उतरायची होती, पाहुणे यायचे होते.

"पंधरा सेंटिमीटर सांगितलं होतं ना मी?" आयविन म्हणाला. त्याच्या तोंडात पेट्रोलपंपावरचं सॉसेज होतं आणि हनुवटीला मोहरीची चटणी लागली होती.

तोरुनला चूक कळली. ओसहिल हे नवं नाव त्यांच्या लिपीत लिहिताना पहिल्या अक्षराच्या डोक्यावर एक छोटं कडं असतं. तिने पंधराचा आकडा टाकला आणि कापायच्या यंत्राने कड्यासकट उंची धरली. कडं पंधरात बसवायचं म्हणून बाकीची सगळी अक्षरं आक्रसली. नवखा माणूस पहिल्या दिवशी करतो ती चूक. जन्म पाट्या कापण्यात गेलेल्या तोरुनच्या हातून ती आज झाली, कारण ते नाव टाइप करताना तिने पडद्याकडे धड पाहिलंच नव्हतं. तिला किळस येत होती.

"बाई घरात आणलीस ती आणलीस," ती म्हणाली. "आता बोटीवरही चढवायचीये? माझी बहीण जिवंत आहे अजून."

"आहे ना. मी कुठे नाही म्हणतोय?" त्याने जिभेने चटणी टिपली. "पण तिला स्वतःचं नाव आठवत नाही, तोरुन. ती काय वाचणार आहे?"

गुडवैग धक्क्याच्या वरच्या अंगाला, वृद्धाश्रमात होती. तिथली परिचारिका रोज दुपारी तिची चाकाची खुर्ची खाली आणायची आणि ह्याच बोटीसमोर थांबवायची.

तोरुनला वाटलं, ती पट्टी त्याच्या तोंडावर फेकावी आणि घरी जावं. पण मग तो हीच लहान अक्षरं चिकटवून मोकळा झाला असता आणि बहिणीला रोज आपल्या नावाचे डोकावणारे तुकडे बघावे लागले असते. त्यापेक्षा सगळं झाकलेलं बरं.

ती आपल्या पाट्यांच्या दुकानात गेली. कडं वगळून नुसत्या अक्षराची उंची धरली, वळण जाड घेतलं, अक्षरं एकमेकांना खेटवली. यंत्र कापत गेलं. अक्षरांमधला नको तो भाग ओढून काढताना तिला आपल्याच हातांचा राग आला. नेमकं आजच काम इतकं सुरेख व्हायचं होतं. बोटीवर ती अक्षरं अशी बसली की खालचं नाव शोधूनही सापडेना.

"हे बघ! जमलं की नाही?" आयविन म्हणाला आणि तिच्या खांद्यावर थाप मारली. तोरुनने खांदा झटकला.

तेवढ्यात खुर्ची आली. गुडवैगच्या मांडीवर चौकड्यांची शाल होती. तिने बोटीकडे पाहिलं आणि मोठ्याने, कुठेही न अडखळता वाचलं, "ओसहिल."

आयविनचा चेहरा उतरला.

"छान नाव आहे," अनोळखी माणसाशी बोलावं तसं ती त्याला म्हणाली. "तुमच्या बायकोचं का?"

त्याने तोरुनकडे पाहिलं. तोरुन मोजपट्टी गुंडाळत राहिली.

"हो," तो शेवटी म्हणाला.

गुडवैग समाधानाने हसली. "माझ्या नवऱ्याचीही बोट आहे. तिच्यावर माझं नाव आहे." मग ती परिचारिकेकडे वळली. "चल गं, जरा पुढे घे. इथेच कुठेतरी असते ती."