स्वतःची हवा स्वतः भरणारी ट्यूब

स्कूटर परत आली तेव्हा तिचं मागचं चाक रिमवर आलं होतं. अभिनव ती ढकलतच घेऊन आला. "सर, हवा सासवड रोडच्या फाट्यापर्यंतच टिकली," तो म्हणाला, आणि कोणाकडेही न बघता त्याने ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टँडवर लावली.

अभिनव हा हडपसरच्या ट्यूब बनवणाऱ्या कंपनीतला नवा इंजिनिअर. त्याचे साहेब हिंमतराव हाताची घडी घालून उभे होते. शरच्चंद्र चाकापाशी उकिडवे बसले. त्यांची बायको कुसुम चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली. चहा आता द्यावा की नाही, हे तिला कळेना.

ट्यूब शरच्चंद्रांच्या डोक्यातून निघालेली. चाक फिरलं की तिच्या कडेची बारीक नळी गाडीच्या वजनाने दाबली जायची आणि सुटायची, आणि दर फेऱ्याला बाहेरची घोटभर हवा आत ओढायची. टायरमध्ये खिळा घुसला तरी जाईल तेवढी हवा पुन्हा भरली जाईल, गाडी घरापर्यंत येईल, असा त्यांचा दावा होता. म्हणून तर हिंमतरावांनी सकाळी आपल्या हाताने टायरमध्ये खिळा ठोकला होता.

कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी बसवलं तेव्हापासून शरच्चंद्रांना दुसरा विषय नव्हता. त्यांच्या बरोबरीची माणसं मुलांचे अमेरिकेतले फोटो दाखवत फिरत होती. शेजारच्या गाळ्यात कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. कुसुमच्या घरात मात्र आंघोळीच्या बादलीतसुद्धा ट्यूब बुडवलेली असायची. तिचा भाऊ एकदा जेवता जेवता म्हणाला, "भावजींना वेड लागलंय." त्यानंतर कुसुमने माहेरी जाणं कमी केलं. आज ट्यूब पास झाली तर कंपनी ती बनवणार होती. नाही झाली तर दुसरं दार नव्हतं. बाकीची सगळी ठोठावून झाली होती.

अभिनवने चाक उतरवलं. व्हॉल्व्हच्या शेजारी हवा ओढणारं भोक होतं, सुईच्या नाकाएवढं. त्याने नखाने तिथे खरवडलं. नख लाल झालं.

"सर, हे काय आहे?"

"कुंकू," हिंमतराव म्हणाले. त्यांनी वाकून नीट पाहिलं. ओलं कालवून लावलेलं कुंकू भोकात गच्च बसून वाळलं होतं. हवा आत जायला वावच नव्हता.

शरच्चंद्र उठून उभे राहिले. "हिचं काम," ते म्हणाले. "काल दसरा होता ना."

सगळ्यांनी जिन्याकडे पाहिलं.

दसऱ्याला घरातल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा करायची, हा कुसुमचा नेम. शिलाई मशीन, मिक्सर, पाट्याचा वरवंटा, स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. शरच्चंद्र दरवर्षी थट्टा करायचे. देव आहे तर त्याने आधी रस्त्यातले खड्डे बुजवावेत, म्हणायचे. यंदा मात्र त्यांनी थट्टा केली नाही, बजावलं. "स्कूटरला बोट लावायचं नाही. ते भोक बुजलं तर सगळं मुसळ केरात." कुसुमने मान डोलावली होती. काल तिने मिक्सरचीसुद्धा पूजा केली, स्कूटर तेवढी वगळली. झेंडूचं फूलही ठेवलं नाही.

"वहिनी, तुम्ही लावलंत का?" हिंमतरावांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

कुसुमने नवऱ्याकडे पाहिलं. ते चाकाच्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

"हो," ती म्हणाली. "सवयीने हात गेला."

"बघा," शरच्चंद्र पटकन म्हणाले. "ट्यूबचा काही दोष नाही. भोक साफ करू, पुन्हा एक चक्कर मारू."

हिंमतरावांनी रुमालाने हात पुसले. "शरच्चंद्र, दसऱ्याला या देशातली झाडून सगळी वाहनं कुंकू लावून घेतात. वहिनींचं काय चुकलं? कुंकवाने बंद पडणारी ट्यूब मी विकू कोणाला?" ते कुसुमकडे वळले. "चहा द्या वहिनी. बाकी आमचं काम झालं."

दोघांनी उभ्या उभ्या चहा घेतला आणि ते गेले.

दुपारी शरच्चंद्र जेवायला बसले खरे, पण घास त्यांच्या तोंडातच फिरत होता. कुसुमने आमटी वाढली. तिला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा रागही आला.

"तू लावलं नाहीस, माहीत आहे मला," ते म्हणाले. "तुझ्यावर ढकलायला नको होतं. वरच्या हेमाताईंचं काम असणार. त्या सोसायटीतल्या सगळ्यांच्या गाड्यांना लावत सुटतात."

"हेमाताई परवाच कात्रजला लेकीकडे गेल्यात."

शरच्चंद्रांचा हात ताटातच थांबला.

कुसुमने आमटीचं पातेलं खाली ठेवलं. "आज पहाटे देवघरातला कुंकवाचा करंडा घेऊन तुम्ही जिना उतरलात, तेव्हा जागी होते मी," ती म्हणाली. "पूजा करणारा माणूस नेमकं भोकातच कुंकू कोंबत नाही. देवावर तुमचा विश्वास नाही, हे लग्न झालं तेव्हापासून ठाऊक होतं. पण ट्यूबवर होता, असं वाटायचं मला."