अळणी आमटी

स्वतःपुरती आमटी वेगळी काढून कुमुदने उरलेल्या आमटीत मीठ घातलं. नवऱ्याच्या थकलेल्या हृदयाची झडप गळू लागल्यापासून घरात सगळं अळणीच शिजायचं. मिठाने त्यांच्या पायांवर सूज चढायची. सोबत म्हणून तिनेही देवापुढे अळणीचं व्रत धरलं होतं. "तुझ्या देवाला तरी चव लागते का गं?" ते रोज चिडवायचे.

सकाळी डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, "झडपेची गळती फार वाढलीय. ऑपरेशन झेपणार नाही. आता आवडेल ते खाऊ द्या." घरी येऊन तिने नेहमीसारखा कुकर लावला. रडू आलंच नाही.

पहिला भुरका घेताच ते थांबले.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"जेवा ना. निवेल."

त्यांनी वाटी तिच्याकडे सरकवली. "मला तुझ्यातली अळणीच वाढ."