पांढरा पट्टा

"आबा, आता तरी घ्या ना आम्हाला!" मुलगी फाटकाच्या गजांना धरून म्हणाली. कडेवर पोर, पायाशी दोन बॅगा. मागे सगळा धक्का माणसांनी भरलेला. उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपत आलेल्या आणि डिझेलच्या टंचाईमुळे बोटीची दिवसाला एकच फेरी. ही चुकली की उद्या पुन्हा हीच मारामारी.

फाटकावर उभ्या असलेल्या तिच्या बापाने वळूनही बघितलं नाही. तो बोटीच्या अंगावर रंगवलेला पांढरा पट्टा बघत होता. माणसं मोजत बसायच्या भानगडीत तो कधी पडला नव्हता. पट्टा पाण्याला टेकला की फाटक बंद. मग समोर मंत्री असो नाहीतर जावई. या नियमाचा त्याला भारी तोरा होता.

आज मात्र पट्टा टेकायचं नाव घेत नव्हता. खालचा मजला भरला, वरचा भरला, जिन्यावर लोक दाटीवाटीने बसले, तरी पट्टा पाण्यापासून चांगला वर.

"उद्या हजर झाले नाही तर नोकरी जाईल माझी," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाला आपलं पट्ट्याचं पडलंय."

"अगं, पट्टाच आज तुझ्या बाजूने आहे," म्हणत त्याने हसून फाटक उघडलं. "वर जा. खाली जीव गुदमरेल पोराचा."

तिच्यामागून आणखी बरेच जण शिरले आणि मिळेल त्या वाटेने वर चढले. पट्टा कोरडाच. त्याने फाटक लावलं, दोर सोडला. शिट्टी वाजली.

तेवढ्यात बोटीचा मिस्त्री सायकल ढकलत आला. सकाळपासून तो डिझेलच्या रांगेत होता. मागे बांधलेले कॅन रिकामेच होते. त्याने बोटीकडे बघितलं आणि हातातली सायकल सोडून दिली.

"आबा, एवढी माणसं?"

"पट्टा बघ ना. कोरडाय."

"टाकी कोरडी म्हणून पट्टा कोरडा! पलीकडे पोचण्यापुरतं डिझेल आहे नुसतं. आजवर टाकी भरल्याशिवाय बोट सुटलीय कधी? तळातलं सगळं वजन गेलंय, आबा. आणि तुम्ही माणसं वर चढवलीत! जरा एका बाजूला झुकली तरी कलंडेल ती!"

फाटकवाला गर्रकन वळला. बोट धक्क्यापासून दूर गेली होती. वरच्या मजल्यावर, कठड्याला टेकून मुलगी उभी होती.

"मागे व्हा! कठड्यापासून मागे व्हा सगळे!" तो धक्क्याच्या टोकापर्यंत धावला, दोन्ही हात उंच करून जिवाच्या आकांताने हलवू लागला.

इंजिनाच्या आवाजात त्याचं काहीच ऐकू गेलं नाही. निरोपाला आजवर कधी हातही न हलवणारा बाप आज दोन्ही हात हलवतोय, हे बघून मुलीचे डोळे भरून आले. तिने पोराला उंच धरलं.

"ते बघ आजोबा! टाटा कर."

आजूबाजूचे लोकही हसत कठड्याशी आले. धक्क्यावर त्यांचीही माणसं होती. मागचे पुढे सरकले, पलीकडचे अलीकडे आले, सगळे हात हलवू लागले.

या बाजूचा पांढरा पट्टा पाण्याला टेकला. मग दिसेनासा झाला.