अजून एक फेरी

"बाबा, थांबायचं नाही. अजून एक फेरी!"

मैदानाच्या कठड्यावर बसून ती ओरडली. समोर कोचसाहेब गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते. जन्मभर दुसऱ्यांना पळवलेला माणूस आज मुलीच्या तोंडाकडे बघत उभा होता.

"मांड्या नुसत्या भरून आल्यात गं. जिन्यावर पाय उचलत नाही. ती कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यापासून हे असं चाललंय. डॉक्टरांना फोन लावतेस का?"

"एवढ्याशा दुखण्यासाठी? लोक हसतील. आणि दुखणं पायात नसतं बाबा, डोक्यात असतं."

वाक्य त्यांचंच होतं. अंतिम शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, याच मैदानावर, गुडघ्यात काहीतरी कटकट वाजतंय म्हणून ती रडकुंडीला आली होती, तेव्हा त्यांनी ते तिला ऐकवलं होतं. दुसऱ्या दिवशी शेवटच्या वळणावर गुडघा निखळला आणि ती तोंडावर आपटली. त्यानंतर ती कधीच पळाली नाही. "मनाने कच्ची निघाली," असं ते आल्या-गेल्याला सांगत. तिच्यादेखत.

गोळी लिहून देताना डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं होतं, "बहुतेकांना काही त्रास होत नाही. पण मांड्या-पोटऱ्या फार दुखायला लागल्या तर अंगावर काढू नका, लगेच कळवा." कोचसाहेबांनी हे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. तिने नीट ऐकलं होतं.

"काय कोचसाहेब, आज गाडी ढकलायची का?" शेजारून जाणाऱ्या म्हाताऱ्याने टोमणा मारला.

झालं. कोचसाहेबांनी छाती पुढे काढली आणि दात-ओठ खात पळत सुटले. दर पावलाला त्यांचा चेहरा पिळवटत होता. ती बघत राहिली. किती वर्षांनी तिला इतकं बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून त्यांची हाक आली. "इकडे ये जरा."

ते भिंतीला धरून उभे होते. त्यांनी खाली बोट दाखवलं. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली होती. बोट दाखवून झाल्यावर त्यांनी मान दुसरीकडे वळवली. ती रिक्षा आणायला धावली.

दवाखान्यात त्यांना सलाईन लावलं. संध्याकाळी रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर आले.

"गोळी बंद करा. स्नायूंना इजा झालीय. असं फार क्वचित होतं, पण झालं की मूत्रपिंडावर जातं. थोडक्यात वाचलात. दुखत असताना पळायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोण सांगणार?" कोचसाहेब घाईघाईने म्हणाले. "मी ऐकतो का कुणाचं? हिला तर पत्ताच नव्हता."

तिने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते तिची बाजू घेत होते. आज, इथे, सलाईनची सुई हातात असताना. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे उपकार तिला नको होते.

"मला पत्ता होता," ती म्हणाली. "ते रोज सांगत होते. पळवलं मीच."

डॉक्टर गोंधळले. "अहो, पण मी बजावलं होतं ना? विसरलात?"

"नाही. लक्षात होतं."

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ते पुढच्या रोग्याकडे निघून गेले.

मग कोचसाहेबांनी मोकळ्या हाताने स्वतःची मांडी धरली, कण्हत कण्हत तो पाय उचलला आणि भिंतीकडे सरकवला. मग दुसराही. खाटेच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली.

ती उभीच राहिली.