दहाच्या खाली नऊ

दिशाने पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचले आणि बाबाजींनी ते वायरलेसवर जसेच्या तसे पुढे दिले. काशीदच्या समोर, खोल पाण्यात. तटरक्षक दलालाही तीच जागा कळवली.

दुपार टळली तरी जीवनची बोट आली नव्हती. सकाळी वारा उठला तशा रेवदंड्याच्या बाकीच्या बोटी खाडीत शिरल्या होत्या. बोटींवरची यंत्रं आपापली जागा कळवत राहतात, पण ती नकाशावर दाखवणारी वेबसाइट नेमकी आज बंद पडली होती. मच्छीमार संस्थेच्या कॉम्प्युटरवर उरल्या होत्या त्या नुसत्या टेक्स्ट फाइली, सगळ्या बोटींच्या ओळी एकमेकींत कालवलेल्या. बेलापूरच्या कंपनीत दिशा दिवसभर असल्याच फाइली निवडायची. म्हणून संस्थेचे चेअरमन बाबाजी यांनी तिला घरून बोलावून आणलं होतं.

काळ्या पडद्यावर तिने एका ओळीची आज्ञा लिहिली होती. जीवनच्या बोटीच्या ओळी वेगळ्या कर, वेळेप्रमाणे लाव, सगळ्यात खालची दाखव. बाबाजी म्हणाले होते, बाकी काही नको, जागा तेवढी दे. तिने तेवढीच दिली.

त्या जागेकडे निघालेली बोट तिच्या वडिलांची, सदा तांडेलांची होती. एवढ्या वाऱ्यात बाहेर पडायला दुसरा कोणी तयार झाला नव्हता. सदा कोर्लईचा किल्ला मागे टाकून दक्षिणेला, लाटा तोंडावर घेत चालला होता.

जीवनची आई नीराबाई दाराशी खाली बसली होती. आता तिने विचारलं, "गो दिशा, किती वाजता व्हता तो तिथं?"

दिशाने वेळेसकट सगळ्या ओळी पडद्यावर आणल्या. आधी दहाच्या ओळी होत्या, मग अकराच्या, मग बाराच्या. आणि त्यांच्या खाली, सगळ्यात शेवटी, नऊच्या.

कॉम्प्युटरने वेळेचे आकडे आकडे म्हणून लावलेच नव्हते, अक्षरं म्हणून लावले होते. एकाने सुरू होणारं सगळं वर, नऊ तळाला. 'सॉर्ट'च्या पुढे, हे आकडे समज असं सांगणारा, एक 'एन' टाकायचा राहिला होता. नोकरीला नव्या लागलेल्या पोरांना ती हीच चूक दाखवून हसायची.

तिने तो एन टाकला. नऊच्या ओळी वर गेल्या आणि खाली आली ती बारा वाजून गेल्यानंतरची. नागावच्या समोर. काशीदच्या पार उलट्या दिशेला. अकरानंतर प्रत्येक ओळीत बोट थोडी थोडी उत्तरेला सरकलेली होती, इंजिन बंद पडून वाऱ्याबरोबर वाहत जावी तशी. बारानंतर यंत्रही गप्प झालं होतं.

तिने बाबाजींना हळू आवाजात सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. दाराकडे बघत तेही हळूच म्हणाले की चुकीचं काही बोलू नको, नवा सिग्नल आलाय असं सांगू. आता चूक कबूल केली तर पुढच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील, आणि त्या बाईने काय करायचं? ते वायरलेसकडे वळलेसुद्धा.

दिशालाही क्षणभर तेच बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की नवा सिग्नल म्हटलं तर वडील सरळ नागावसमोर जातील आणि तिथेच शोधत राहतील. बोट तिथे होती ती दुपारी. आता तिथे पाण्याशिवाय काही नसणार.

तिने बाबाजींच्या हातातला माइक घेतला आणि वडिलांना हाक दिली.

"बाबा, माझं चुकलं. काशीदची जागा सकाळची हाय. दुपारी बाराला तो नागावसमोर व्हता, इंजिन बंद. त्यानंतरचं माझ्याकडे काय न्हाय. तुम्ही बघा कुठवर वाहिला असंल."

नीराबाई उठून उभी राहिली. बाबाजींनी डोळे मिटले. वायरलेसवर नुसती खरखर होती. दक्षिणेला तोंड असलेली बोट उत्तरेला वळवायची म्हणजे मध्ये एकदा ती लाटांना आडवी घालावी लागणार आणि तेव्हाच ती उलटू शकते, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. बाबाजींनी तटरक्षक दलाला फोन लावला आणि जे खरं होतं ते सांगितलं. खरखर चालूच राहिली. नीराबाई येऊन दिशाच्या खुर्चीमागे उभी राहिली. ती मारते की काय, असं दिशाला वाटलं. तिने फक्त खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"वळलो," सदाचा आवाज आला. "नागावच्या वर, खांदेरीच्या खडकांकडे चाललो. तिकडंच गेला असंल."

उजेड कलता कलता तो पुन्हा बोलला. बोट खडकांच्या अलीकडे सापडली होती, अर्धी पाण्याने भरलेली. जीवन आणि त्याची माणसं पाणी उपसत होती. सगळी होती. नीराबाईने ते दोनदा म्हणायला लावलं.

दोन्ही बोटी धक्क्याला लागल्या तेव्हा दिशा गर्दीच्या मागे उभी राहिली. नीराबाईने जीवनच्या तोंडावरून हात फिरवला, मग त्याच हाताने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. सदा नखशिखान्त भिजलेला होता, कोपर सोललं होतं. माणसांतून वाट काढत तो मुलीपाशी आला.

"बोट वळवताना तुला लय शिव्या घातल्या," तो म्हणाला. "माइकचं बटण दाबलं न्हवतं, म्हणून वाचलीस."