तो कागद दिला कुणी?

मार्गारिनचा निळा डबा तिने टेबलावर असा आदळला, की परातीतलं पीठ उडून भट्टीवाल्या काकांच्या मिशीवर जाऊन बसलं.

"पुन्हा भाव वाढवला?" मिशी झटकत काकांनी विचारलं.

"पुन्हा! तीन महिन्यांत चौथ्यांदा. म्हणे परदेशातून येणाऱ्या मालावर सरकारने शुल्क दुप्पट केलंय. अहो, पण हा डबा कुठे बाहेरून येतो? हा तर नदीपलीकडच्या कारखान्यातला!"

"बाहेरचा स्वस्त डबा यायचा थांबला ना. आता ह्यांना रान मोकळं." काकांनी पावांचा पत्रा भट्टीत सरकवला. "मागे नमुना म्हणून एक डबा फुकट ठेवून गेले, तेव्हाच मला वाटलं, एवढं प्रेम कशाला उतू जातंय."

मार्गारिन कमी घातलं तर पाव दुपारपर्यंत वातड होई. पाव लहान केला तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करी. तिने दोन्ही करून पाहिलं होतं. कालच समोरच्या निवृत्त शिक्षिकाबाई पाव तळहातावर घेऊन म्हणाल्या, "अगं, हा पाव आहे की शर्टाचं बटण?" सगळी रांग हसली. तीही हसली, आणि मग आत जाऊन पिठाच्या गोळ्यावर बुक्क्या मारत बसली.

भट्टी तिच्या वडिलांनी पेटवलेली. एकोणतीस वर्षांत एकदाच विझली होती, वडील गेले त्या दिवशी. शुल्क उतरलं नाही तर येत्या शनिवारी विझवायची, असं तिने परवा काकांना सांगितलं होतं. तेव्हापासून काका नेहमीपेक्षा जास्त विनोद करत होते.

भट्टीच्या ऊबदार भिंतीला लागून, पावाच्या रिकाम्या क्रेटमध्ये, तिची एक वर्षाची लेक ढब्बू हातपाय नाचवत पडली होती. जन्मल्यापासून तिचा पाळणा तोच. तिचे पहिले दोन दात याच क्रेटमध्ये उगवले आणि त्यांनी पहिली शिकार केली ती दुकानाच्या शिक्क्याची. गोल रबरी शिक्का, मधोमध गव्हाची ओंबी. ढब्बूने ओंबीचा शेंडा कुरतडला आणि थू करून टाकला. आईला रागवायचं सुचलंच नाही. तिने त्या दोन दातांचा पापा घेतला. नवा शिक्का करवून घ्यायचाही तिचा जीव झाला नाही. तोच धुऊनपुसून पुन्हा दाराजवळच्या खिळ्याला टांगला. तिचे हात कायम पिठात. गॅसवाला येवो, मैदावाला येवो, नमुने वाटणारा येवो, ती आतूनच ओरडायची, "शिक्का तिथे लटकलाय, कागदावर मारा आणि सुटा!"

आज मात्र तिने सकाळीच हात धुतले.

"निघालीस?" काकांनी विचारलं.

"निघाले. शुल्क ठेवायचं की काढायचं, त्याची आज कचेरीत सुनावणी आहे."

"ढब्बूला राहू दे माझ्याजवळ."

"नको. तिलाही बघू दे, आपल्या पोटावर पाय देणारी माणसं दिसतात कशी."

कचेरीचा हॉल बेकरीवाल्यांनी भरला होता. पलीकडच्या गल्लीतला तिचा जुना स्पर्धक, ज्याला सगळे गोडबोल्या म्हणत, लगबगीने खुर्ची पुढे करत म्हणाला, "या वहिनी, बसा."

"बसायला नाही आले. भांडायला आलेय."

ती भांडली. ढब्बूला कडेवर घेऊन, उभ्या उभ्या. सकाळचा पाव परवडेना म्हणून चहात बोट बुडवून कामावर जाणाऱ्या माणसांबद्दल बोलली. भट्टीबद्दल बोलली. सुनावणी घेणारे साहेब चष्म्याच्या काचा पुसत शांतपणे ऐकत होते, आणि त्या शांतपणाने तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

"बाई," साहेब शेवटी म्हणाले, "स्वप्न पडलं म्हणून शुल्क नाही वाढवलं आम्ही. तुम्हा छोट्या बेकरीवाल्यांनीच मागितलं. बाहेरचं मार्गारिन नको, देशी कारखाना जगवा, म्हणून तुमचाच अर्ज आहे."

बेकरीवाले एकमेकांकडे बघू लागले.

"खोटं!" ती किंचाळली. "स्वतःच्या भट्टीत पाणी ओतेल असा बेकरीवाला दाखवा मला!"

"दाखवतो की. नव्वद शिक्के आहेत त्यावर. अर्ज घेऊन कारखान्याचा माणूस फिरला, पण शिक्के तुमचेच. पहिल्याने मारला, तो बघून बाकीच्यांनी मारले."

ती गर्रकन वळली. "गोडबोल्या! तूच तो. माझं दुकान बसावं म्हणून दिवे लावलेस ना हे?"

"आईशप्पथ नाही, वहिनी!" त्याचा आवाज चिरकला. "माझ्याही भट्टीला तोच डबा लागतो की. मी का..."

"मग ज्याने कुणी मारला असेल त्याने कान उघडून ऐका!" तिचा आवाज खिडकीच्या काचांवर आपटला. ढब्बू दचकून तिला बिलगली. "माझ्या बापाची भट्टी शनिवारी विझेल. तिची सगळी राख मी टोपल्यात भरीन आणि त्याच्या उंबरठ्यावर नेऊन ओतीन. जन्मभर झाडत बसू दे!"

"ओता! आम्हीही येतो!" हॉल उसळला. खुर्च्या सरकल्या, टेबलं बडवली गेली. सगळ्यांत मोठा आवाज गोडबोल्याचा होता.

साहेबांनी फाइल उघडून तिच्यापुढे सरकवली.

तिने पान ओढून घेतलं. कडेवरची ढब्बू, ओळखीचं खेळणं दिसावं तशी, दोन्ही हात पसरून कागदावर झेपावली.

पहिलाच शिक्का गोल होता, जांभळा, ठसठशीत, आणि मधल्या ओंबीला शेंडा नव्हता.