टपालआजीची नखं

सर्जनने कोपरापर्यंत हात धुतले. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून, मनगटावरून वर, पाच मिनिटं मोजून. मग दोन्ही हात छातीसमोर वर धरून, कोपरांवरून पाणी ठिबकू देत तो वळला आणि तसाच उभा राहिला. कोणीतरी येऊन हातमोजे चढवेल म्हणून.

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये अकरा म्हातारी माणसं पाय धुऊन, नखं कापून घ्यायला पायमोजे काढून खुर्च्यांवर बसली होती. सगळी त्याच्याकडे बघत होती.

“काय रे,” पहिल्या खुर्चीतली टपालआजी म्हणाली, “बंदूक रोखलीय का कोणी तुझ्यावर?”

सगळा हॉल खदखदून हसला. सर्जनने हात खाली घेतले. घेतले तशी उजव्या हाताची थरथर उठली.

“ताई, मला नाही जमायचं,” तो बहिणीच्या कानाशी म्हणाला. “मी बादल्या उचलतो. तेवढ्यासाठीच आलोय.”

“नखं कापणारी बाई आजारी पडली, मी काय करू? माणसांची काळजं शिवत होतास, धाकट्या, आणि नखं नाही जमायची?” बोलून गेली आणि ताईने जीभ चावली.

चार महिन्यांपूर्वी, भर ऑपरेशनमध्ये, त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या डॉक्टरणीने त्याच्या हातातला चिमटा अलगद काढून घेतला होता. “सर, मी बघते,” एवढंच म्हणाली होती. त्यानंतर त्याने कुठल्याही माणसाला हात लावला नव्हता. नातीलाही उचलून घेतलं नव्हतं.

तो ठेंगण्या स्टुलावर बसला. समोर कोमट पाण्याच्या टबात आजीचे पाय. चाळीस वर्षं दारोदार टपाल वाटलेले. टाचा आटलेल्या तळ्यासारख्या भेगाळलेल्या, अंगठ्याचं नख शिंपल्यासारखं जाड, वळून मांसात घुसू पाहणारं.

“साखर आहे?” त्याने विचारलं.

“भरपूर. कापलंस तर जखम महिनाभर भरायची नाही. आधीच सांगून ठेवते.”

“म्हणूनच नको म्हणतोय. हे बघा.” त्याने हात पुढे केला. पाखरू उडून गेल्यावर तार हलत राहते, तसा तो हलत होता.

पाकिटावरचा पुसट पत्ता वाचावा तसा आजीने तो हात चष्मा सावरून नीट पाहिला.

“अधांतरी धरतोस म्हणून हलतो. टेकव माझ्या पायावर.”

“आजार आहे हो तो, आजी.”

“असू दे की. आजारी हात टेकत नाहीत होय? टेकव. मोडत नाही मी.”

त्याने तिचं पाऊल टॉवेलने टिपलं, आपल्या गुडघ्यावर घेतलं आणि मनगट तिच्या पावलावर ठेवलं. ‘देवा,’ तो मनात म्हणाला, आणि पुढे काही सुचेना. ऑपरेशनच्या टेबलापाशी हे नाव त्याने कधी घेतलं नव्हतं. तिथे त्याचा तोच पुरेसा होता.

थरथर थांबली नाही. पण त्या जड, उबदार पावलाने ती आपल्यात मुरवून घेतली, बारीक केली. ज्या पायाला इजा होईल म्हणून तो भीत होता, तोच पाय त्याला धरून बसला होता.

त्याने नेलकटर बाजूला ठेवलं आणि कानस उचलली. एक ओढ, मग फुंकर. पुन्हा एक ओढ. एका अंगठ्याला वीस मिनिटं गेली.

“आजी, जगणार ना अंगठा?” मागून एक जुना बसड्रायव्हर ओरडला. “नातेवाइकांना कळवू का?”

“तू गप. तुझ्या नखांना करवत लागेल.” मग आजी खाली वाकून सर्जनला म्हणाली, “मला ना, एक गोष्ट नेहमी खटकायची. बायबलात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, कमरेच्या फडक्याने पुसले. सगळं झालं. पण नखांचं काही नाही! मैलोनमैल तंगडतोड केलेली माणसं ती. नखं वाढली नसतील?”

“असतील की.”

“मग ती तशीच का ठेवली?”

“का?”

“मला काय विचारतोस?” आजी म्हणाली. “कानस तुझ्या हातात आहे.”

सर्जन हसला. चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि हसता हसता त्याने मान खाली घातली. टबातल्या पाण्यात टप टप काहीतरी पडलं. आजी मान वर करून छताच्या पंख्याकडे बघत राहिली, त्याचं आटपेपर्यंत.

“दुसरा पाय द्या,” तो म्हणाला.

दुपारपर्यंत चारच जण झाले. राहिलेल्या सातांनी कुरकुरत पायमोजे चढवले. “उद्या या,” सर्जनने सांगितलं. “परवाही आहे मी.” ताई टॉवेलांच्या घड्या घालत होती, तिचे हात थांबले.

मग पाळक प्रार्थनेला उभे राहिले. एरवी ताईला न्यायला आला की या वेळेला तो गाडी काढायला बाहेर जायचा. आज भिजल्या गुडघ्यांनी स्टुलावरच बसला, डोळे मिटून.

“हे प्रभू,” पाळकांनी सुरुवात केली, “आजच्या दिवसासाठी आम्ही तुझे आभार मानतो—”

“आमेन!” सर्जन मोठ्याने म्हणाला.

माना वळल्या. बसड्रायव्हर खुसखुसला. पाळकांनी एक डोळा उघडला.

“डॉक्टर, अजून बरीच बाकी आहे.”

“चालू द्या,” सर्जन म्हणाला. “मी थांबतो.”